एकशे बत्तीस वर्षांचा लोहार

१४ मार्च, मंगळवार. हवा कोरडी. गुडघा बरा. नव्वद जोड्या पाहिल्या. सत्त्याऐंशी जुळल्या, तीन नाइलाजाने सोडल्या. इस्त्रीवाल्याने उशीचा एक अभ्रा कमी दिला, उद्या विचारणे. माडीवरचा नळ गळतो आहे. डॉक्टरला म्हटले, प्लंबरला बोलावते. ती म्हणाली, "राहू दे काकू, पुढच्या महिन्यानंतर मी इथे असेन की नाही कोण जाणे." चहा अर्धा टाकून वर गेली. काय झाले ते उद्या सांगणार आहे.

अर्धा टाकलेला चहा ही गाठकाकूंच्या घरात लहानसहान गोष्ट नव्हती. रोजनिशी त्या शाळेत असल्यापासून लिहीत आल्या होत्या. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी शिस्त लावून दिली होती: आधी तारीख, मग हवा, मग घडलेलं, आणि मनातलं काही लिहायचंच असेल तर एका ओळीत. लग्न झालं, मुलगा झाला, मोठा होऊन दूरच्या शहरात गेला, नवराही गेला, रोजनिशी चालूच राहिली. नवरा गेला त्या दिवशीच्या पानावरसुद्धा तारखेनंतर हवा लिहिलेली आहे.

गाठकाकू हे नाव गल्लीनं ठेवलेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी उभं आयुष्य लग्नं जुळवण्याचं कार्यालय चालवलं. एक लांब टेबल, दोन कपाटं, पाहुण्यांसाठी बाक, आणि भिंतीवर आरसा. आरसा मुद्दाम. आत येणारा माणूस स्वतःला एकदा बघून घेतो आणि मग अपेक्षा जरा खाली आणतो, असं त्यांचं म्हणणं. धंद्यातलं दुसरं तत्त्व असं, की लग्नाच्या बाबतीत कोणी पुरतं खरं बोलत नाही आणि फार खोटंही बोलत नाही. मुलीचं वय दोन वर्षांनी कमी सांगतात. मुलाची उंची बूट घालून मोजतात. पगार लिहिताना पुढची बढती धरून लिहितात. "दोन इंचांसाठी कोणाचा संसार अडवायचा?" काकू म्हणायच्या आणि गाठ मारून मोकळ्या व्हायच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या टेबलावरून जन्माला आली, असं लोक थट्टेनं म्हणत, आणि काकूंना ते आवडायचं.

मग मोबाइल आले. लोक अंगठ्यानं स्थळं सरकवायला लागले. बाकावरची गर्दी आटली, आणि एक दिवस काकूंच्या लक्षात आलं की आपण रोज रिकामं टेबल पुसतो आहोत. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता आराम कर." आराम म्हणजे काय करायचं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

अशात माडीवरच्या खोलीत भाडेकरू आली. विद्यापीठात इतिहासाची संशोधक. नावाआधी डॉक्टर लावते म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात तिघीजणी गुडघे दाखवायला आल्या. तिनं हात जोडून सांगितलं, "मावशी, मी गोळ्या देत नाही." तेव्हापासून ती बिनगोळ्यांची डॉक्टर झाली.

तिचं काम काकूंना पहिल्यांदा कळलं ते चहा पिता पिता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जनगणनेची जुनी बाडं होती. दर दहा वर्षांनी सरकारी माणूस घरोघर जाऊन लिहून घ्यायचा: नाव, वय, धंदा, घरात कोण कोण. अशा सहा जनगणना. बाडांवरची माणसं संगणकात उतरवून झाली होती. आता प्रश्न असा, की पहिल्या जनगणनेतला अमुक सुतार दुसरीत कुठे आहे? जगला, मेला, गाव सोडून गेला, की धंदा बदलून पलीकडच्या गल्लीत राहायला गेला? एकेका माणसाचा माग काढत गेलं की साऱ्या मुलुखाची पन्नास वर्षं उलगडतील, कोण कुठून कुठे गेलं, कुठल्या साथीत किती घरं बसली, सगळं.

"मग शोधायचं," काकू म्हणाल्या.

"एका जनगणनेत चार लाख माणसं, पुढच्या जनगणनेत पाच लाख. प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून बघायचं. वीस हजार कोटी जोड्या झाल्या, काकू. आणि ही फक्त पहिल्या दोन जनगणनांची गोष्ट."

काकूंनी कप खाली ठेवला. "एवढी स्थळं मीसुद्धा पाहिली नाहीत."

त्यासाठी विद्यापीठात महासंगणक होता. कपाटाएवढ्या यंत्रांच्या रांगाच्या रांगा, एकत्र जुंपलेल्या. त्यावर वैद्यकवाले, हवामानवाले, रसायनवाले असे सगळे टपलेले. इतिहासवाल्यांच्या वाट्याला मोजके तास यायचे. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. काही हजार जोड्या माणसानं बघून सांगायच्या, हा आणि हा एकच, हा आणि हा वेगळा. ते बघून यंत्र स्वतःचा अंदाज बांधतं आणि पुढच्या कोट्यवधी जोड्या त्या अंदाजानं तपासतं.

"म्हणजे जोड्या जुळवायच्या," काकू म्हणाल्या. "अगं, मग बाहेर कशाला शोधतेस?"

डॉक्टर हसली, आणि दुसऱ्याच दिवशी लांब टेबलावर पडदा आला. त्यावर डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक माणूस, खाली दोन बटणं. थोडं मानधनही होतं. काकू दहा वाजता पदर खोचून बसायच्या. टेबल पुन्हा कामाला लागलं होतं, आणि काकूंच्या रोजनिशीत हवेनंतर लगेच जोड्यांचा आकडा यायला लागला.

चहा अर्धा टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाली आली. बाकावर बसली. पूर्वी मुलींचे बाप बसायचे तशी, अगदी कडेला.

"काकू, यंत्रानं उत्तर दिलं काल."

"बरं मग?"

"तुम्हाला एक लोहार दाखवते." तिनं मांडीवरचा लॅपटॉप वळवला. "पहिल्या जनगणनेत ब्याऐंशी वर्षांचा. शेवटच्या जनगणनेतही आहे. तोच, असं यंत्र म्हणतं."

"म्हणजे..."

"एकशे बत्तीस वर्षांचा. आणि शेवटी त्याचं वय लिहिलंय एकेचाळीस. म्हणजे दर दहा वर्षांनी तरुण होत गेला."

काकूंना हसू फुटलं. डॉक्टरलाही फुटलं, पण तिचं लगेच विरलं. "असा एकटा असता तर चाललं असतं. या उत्तराप्रमाणे पन्नास वर्षांत जवळजवळ कोणी मेलंच नाही. गाव सोडून कोणी गेलं नाही. बारकी पोरं पुढच्या जनगणनेत आजोबा झाली. साथ येऊन गेली त्या वर्षीसुद्धा सगळे ठणठणीत. काकू, तुमच्या गावात स्मशानाला कुलूप आहे."

काकूंचं हसू थांबलं. 'तुमच्या' हा शब्द त्यांनी बरोबर टिपला.

"माझ्यामुळे?"

"मी काल तुमच्या जोड्या पुन्हा पाहिल्या. वय सहा वर्षांनी चुकलं, तुम्ही 'एकच' म्हणालात. गवंड्याचा शिंपी झाला, 'एकच'. बायकोचं नाव वेगळं, 'एकच'."

"दुसरी केली असेल."

"काकू."

"आणि वय काय, बायका सांगतातच कमी."

"हा पुरुष होता."

काकूंनी चष्मा नाकावर सारखा केला. डॉक्टरच पुढे म्हणाली, "चूक माझी जास्त आहे. एकाच माणसाच्या निवाड्यावर मी सगळं यंत्र शिकवलं. शंभरातले पंचाण्णव जुळतात हे बघून मला संशय यायला हवा होता. मला वाटलं, काकू हुशार आहेत." तिनं लॅपटॉप मिटला. "निम्मे तास संपले. उरलेत ते एका फेरीपुरते. एप्रिलच्या मध्याला पुन्हा आपला नंबर आहे. त्याच्या आत जोड्या नव्यानं तपासून झाल्या आणि उत्तर नीट आलं तर प्रकल्प पुढे चालेल. नाहीतर तो बंद, आणि मी दुसरीकडे नोकरी बघणार. विभागप्रमुख म्हणाले, आधी जोड्या बघणारं माणूस बदला."

काकूंनी टेबलावरचा पडदा पुसला. तो स्वच्छच होता. हे टेबल पुन्हा रिकामं पुसायची वेळ येणार, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"बदलू नकोस," त्या म्हणाल्या. "जोडीला दुसरं आण. माझ्या अगदी उलटं. कोणावर विश्वास न ठेवणारं."

"असं कोण मिळणार?"

"आमच्या घरात एक आहे."

काकूंचे दीर पलीकडच्या गल्लीत एकटे राहायचे. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पास घरी राहिला, खिसा कापला, बायकोच्या पिशवीत आहे आणि बायको पुढच्या डब्यात आहे, असली एकूण एक कारणं त्यांनी ऐकली होती आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं होतं: दाखवा, नाहीतर दंड भरा. निवृत्त झाल्यावर भाजीवालीच्या वजनमापावर त्यांचं लक्ष गेलं, आणि तेव्हापासून ती त्यांना बघून दुसऱ्या गल्लीतून जायची. गाठकाकूंच्या सगळ्या कारकिर्दीत न जमलेलं, घरातलंच स्थळ म्हणजे हे भाऊजी.

"शेवटी आलातच बोलवायला," भाऊजी दारातच म्हणाले. "वहिनी, तुम्ही मेलेल्यांची लग्नं लावायला घेतलीत असं ऐकलं."

"लग्नं नाही, ओळख पटवायची आहे. आणि चपला बाहेर काढा."

डॉक्टरनं दोन पडदे लावले, टेबलाच्या दोन टोकांना, पाठीला पाठ. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसायचं नाही. दोघांची मतं जुळली तर पक्कं. नाही जुळली तर ती तिसऱ्यांदा बघणार. शिवाय यावेळी बटणं तीन होती. तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'सांगता येत नाही'.

"हे कशाला?" दोघं एकदमच म्हणाले. एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांचं लगेच जुळलं.

पहिल्या आठवड्यात ते बटण कोणी दाबलंच नाही. काकूंनी मनावर दगड ठेवून काही जोड्या सोडल्या. भाऊजींनी एकही धरली नाही.

"भाऊजी, अहो नाव तेच, घर तेच, बायको तीच, सात मुलं तीच."

"माझा पडदा बघू नका. वय एक वर्षानं जास्त आहे."

"दहा वर्षांत अकरा वर्षांनी वाढला, तर काय गुन्हा झाला?"

"कागद दाखवा म्हणावं."

डॉक्टरनं जोड्यांमध्ये काही चोरून घातल्या होत्या. दफनाच्या आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींवरून त्यांची खरी उत्तरं तिला आधीच माहीत होती. शनिवारी तिनं दोघांचे गुण सांगितले. ते ऐकायला दोघं शाळकरी पोरांसारखे बाकावर बसले.

"काकू, तुम्ही मेलेल्यांना उठवता," ती म्हणाली.

भाऊजी गालात हसले.

"आणि काका, तुम्ही जिवंत माणसांना मारता. तुमच्या हिशेबानं दर दहा वर्षांनी सगळा मुलूख ओस पडतो आणि नवीन लोक येऊन त्यांच्याच घरात, त्यांच्याच नावानं राहायला लागतात."

आता काकू हसल्या, आणि चांगल्या मोठ्यांदा.

"पण दोघांनीही तिसरं बटण दाबलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "एकदाही नाही. असं चाललं तर तुमची मतं फारशी जुळणार नाहीत, आणि बहुतेक जोड्यांचा निवाडा माझ्या एकटीवर येईल. मग पुन्हा एकाच माणसाचं डोकं. आपण होतो तिथेच."

ती वर निघून गेली. वरून नळाचं टपटप ऐकू येत होतं. काकूंनी दोन कप भरून आणले आणि एक भाऊजींपुढे ठेवला.

"तुम्हाला नाही म्हणायची सवयच आहे," काकू म्हणाल्या. राग नव्हता, पण जुना सल होता. "अकरा मुली दाखवल्या मी तुम्हाला. एकीची उंची खटकली, एकीचं वय पटेना, एकीच्या बापाची सही वेगळी दिसली. अकरावी तर शिक्षिका होती. सोन्यासारखी मुलगी. तिलासुद्धा नाही म्हणालात."

भाऊजींनी कप बशीत ओतला. त्यांना वेळ काढायचा असला की ते बशीतून प्यायचे.

"अकरावीला मी नाही म्हटलं नव्हतं, वहिनी."

"म्हणजे?"

"मला पसंत होती. तिनंच नाही कळवलं. दादा म्हणाला, घरात सांग की तूच नको म्हणालास. तेवढीच तुझी शोभा राहील." त्यांनी एक घोट घेतला. "राहिली शोभा."

त्या दिवसाचं पान काकूंना तोंडपाठ होतं. हवा दमट, शिक्षिकेचे स्थळ भाऊजींनी नाकारले. एवढी वर्षं त्यांनी याच ओळीवर भाऊजींना बोल लावले होते. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, चांगल्या अक्षरात, आणि ती खरी नव्हती. नवऱ्यानं सांगितलं ते लिहिलं. त्यापलीकडचं त्यांना कळणारही नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मला सांगायचं नाही होय?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तुम्ही बारावी आणली असती."

"आणलीच असती."

"म्हणून."

दोघंही हसले. मग भाऊजी उठून आपल्या टोकाला जाऊन बसले आणि काकू आपल्या.

पडद्यावर एक शिवणकाम करणारी बाई होती. डावीकडे तिशीची, अविवाहित, दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहणारी. उजवीकडे दहा वर्षांनंतरची चाळिशीची, शिवणकामच करणारी, विधवा, दोन गल्ल्या सोडून. नाव जवळपास तेच, पण त्या नावाच्या शंभर बाया असतील. गेल्या वेळी अशीच एक जोडी काकूंनी एका क्षणात जुळवून टाकली होती. तिचं लग्न झालं, थोडे दिवस का होईना संसार झाला, असं म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. आताही बोट पहिल्या बटणाकडे गेलंच. झालं असेल लग्न. का नसेल झालं? पण असेल आणि आहे यांच्यामध्ये जे काही होतं ते या दोन चौकटींत लिहिलेलं नव्हतं. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिसरं बटण दाबलं. कोणाला तरी दारात उभं करून ठेवल्यासारखं वाटलं त्यांना. पण हातातून काही गेल्यासारखंही वाटलं नाही.

थोड्या वेळानं मागून भाऊजींचा आवाज आला. "वहिनी, ही शिंपीणबाई..."

"माझा पडदा बघू नका."

"नाही बघत. मी आपलं म्हणतोय, दंड करता येत नाही आणि सोडताही येत नाही."

"मग?"

"मग दाबलं ते तिसरं."

त्यानंतर काम वेगळ्याच चालीनं होऊ लागलं. भाऊजींनी एक दिवस सात मुलांवाल्या बापाला एक वर्षाची सूट दिली आणि ते दोनदा सांगून दाखवलं. काकूंनी आपणहून एका लोहाराला दुसऱ्या लोहारापासून तोडलं आणि वर म्हणाल्या, "आजोबा असणार हो हा. नातवाला आजोबाचं नाव ठेवलंय." पुढच्या शनिवारी चोरून घातलेल्या जोड्यांमध्ये दोघं बरेचसे बरोबर निघाले. एप्रिल उजाडला तेव्हा दोघांची मतं बहुतेक ठिकाणी जुळत होती. वादाच्या जोड्या डॉक्टरच्या एका दुपारीत संपतील एवढ्याच उरल्या.

यंत्राला काम घातलं त्या दिवशी डॉक्टर दोघांना संगणक केंद्रात घेऊन गेली. आत थंडगार, डोक्यात भुणभुण करणारा आवाज, आणि काळ्या कपाटांच्या रांगा. काकूंनी शाल आणली होती. भाऊजींनी आणली नव्हती, आणि थंडी वाजत नाही असं ते सारखं सांगत होते.

"आपलं काम यातल्या कुठल्या कपाटात चाललंय?" काकूंनी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं.

"या दोन रांगांत, आजी. सगळी मिळून करताहेत. एकेका कपाटाला थोडी थोडी जोडपी वाटून दिलीत."

"जोड्या," भाऊजी म्हणाले. "जोडपी नाहीत. वहिनींना उगाच आशा लावू नका."

तंत्रज्ञानं सांगितलं, आपल्या पुढे हवामानवाल्यांचं एक मोठं काम लागलंय, त्यामुळे दोन-तीन दिवस लागतील. भाऊजींनी ते काम खरंच रांगेत आधी आलं होतं का, याची चौकशी केली. आलं होतं.

ते दोन-तीन दिवस काकूंनी कपाटं आवरली. इस्त्रीवाल्याकडून अभ्रा मिळवला. भाऊजी रोज दहाला यायचे, कामाचं काही नसताना आपल्या टोकाला बसून पेपर वाचायचे आणि त्यातल्या जाहिरातींवर शंका काढायचे. दोघंही माडीवरच्या पावलांकडे कान लावून होते.

शुक्रवारी दुपारी पावलं भराभर जिन्यावरून खाली आली.

"माणसं मेली," डॉक्टर दारात उभी राहून म्हणाली.

रस्त्यावरून जाणारा दूधवाला थबकला.

"अहो, जेवढी मरायला हवी होती तेवढीच," ती आत येत म्हणाली. "साथीच्या वर्षी स्मशानाच्या नोंदी आणि आपलं उत्तर जवळपास सारखं आलंय. गाव सोडून गेलेले पलीकडच्या गावात सापडताहेत. जुळलेली माणसं पहिल्यापेक्षा निम्मीच आहेत, पण जी आहेत ती खरी आहेत. विभागप्रमुखांनी स्वतः वीस जोड्या काढून तपासल्या."

"आणि लोहार?" काकूंनी विचारलं.

"तीन झाले. आजोबा, मुलगा, नातू. तिघांचं नाव एक, भट्टी एक."

"बघा," भाऊजी म्हणाले.

"आणि शिंपीणबाई?"

डॉक्टर लॅपटॉपवर शोधत राहिली. "तिची जोडी नाही लागली, काकू. दोघी वेगळ्या वेगळ्याच राहिल्यात. यंत्रालाही सांगता आलं नाही."

काकूंनी मान हलवली. "असू दे. आहे तशी राहू दे तिला."

मग डॉक्टरनं उरलेलं सांगितलं. प्रकल्पाला आणखी दोन वर्षं मिळाली होती. पुढच्या वेळी जहाजांच्या प्रवाशांच्या याद्याही जोडायच्या होत्या, म्हणजे यंत्राला शिकवायचं काम पहिल्यापासून आलं. विभागप्रमुखांनी विचारलं होतं, ते दोघं मोकळे आहेत का.

"प्रवासी?" भाऊजी ताठ बसले. "तिकिटांसकट?"

"तिकिटांसकट."

"मग वहिनींना यातलं काय कळणार?"

"मी तुमच्याआधीपासून या टेबलावर बसते, भाऊजी," काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. यावेळी डॉक्टरनं कप पूर्ण संपवला आणि बशीत सांडलेलाही प्यायली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकूंनी रोजनिशी उघडली. तारीख लिहिली, हवा लिहिली, जोड्यांच्या जागी आज रेघ मारली. मनातल्यासाठी एक ओळ असते ती कोरी सोडली. मग खाली लिहिलं:

प्लंबर येऊन गेला. माडीवरच्या नळाचा वॉशर बदलला. आता गळत नाही.